मनाचे घाव, देहाची साक्ष

भीतीने पोटात गोळा येतो, रागाने तळपायाची आग मस्तकात जाते, वाईट बातमी कानी पडताच छातीत धस्स होते, आणि तरण्या लेकाच्या मरणाची हाय खाऊन एखादी माउली वर्षभरात खंगून जाते. आपल्या बोलीने भावनांना नेहमीच देहात जागा दिली आहे. मन एकीकडे आणि शरीर दुसरीकडे, असे भीमाकाठच्या आयाबायांना कधी वाटले नाही. असे असूनही वसतिगृहातील एखादे लेकरू "सर, पोटात दुखतंय" म्हणत आले, की मोठ्यांच्या तोंडून पटकन निघून जाते, "नाटकं करू नकोस." या वाक्यामागची समजूत तपासून पाहावी, एवढ्यासाठी स्मरणिकेच्या निमित्ताने हा लेखनप्रपंच.

शरीरशास्त्र याविषयी पुरेसे स्पष्ट बोलते. भीती किंवा क्रोध उत्पन्न होताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साखर मोकळी करते, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात देहाच्या या तयारीचे विवेचन केले. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर असे सज्ज होते. आपल्या शिरूर तालुक्यात उसाच्या फडातून अचानक बिबट्या समोर आला, तर हीच तयारी प्राण वाचवते. धोका टळला की शरीर पूर्वपदावर येते.

पण धोका टळतच नसेल तर? सावकाराचा तगादा, दारू पिऊन घरी येणाऱ्या बापाच्या पावलांची चाहूल, वस्तीच्या नावावरून होणारी हेटाळणी, हे बिबटे फडात परतत नाहीत. मग काही काळासाठी असलेली ती सज्जता कायमची होऊन बसते. झोप उडते, रक्तदाब वाढतो, प्रतिकारशक्ती क्षीण होते. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक लहानशी, सारख्या आकाराची जखम करण्यात आली. तशीच जखम तेवढ्याच वयाच्या, पण असा भार नसलेल्या स्त्रियांनाही करण्यात आली. पहिल्या गटाची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. मनावरचा भार कातडीवर मोजता आला, तो असा. जपानी वैद्यांनी १९९० च्या सुमारास तर अशा हृदयविकाराची नोंद केली, जो तीव्र शोकाने किंवा धक्क्याने उद्भवतो आणि ज्यात हृदयाचा एक भाग फुगून काही काळ दुबळा होतो. हाय खाणे हा निव्वळ वाक्प्रचार नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

जखम भरायला लागणारा काळ इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एका ठिकाणी मोजता येतो. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथे राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी नमूद केले आहे, की अठरा वर्षे लोटूनही तो प्रसंग पुसला गेला नाही आणि आठवला की डोळ्यांत पाणी येते. जगातील नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या, कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या पंडिताचा देह एका अपमानाची अठरा वर्षे साक्ष देत होता.

त्यांच्या आयुष्यात शोकही कमी नव्हते. चार लेकरे गेली. त्यांतला लाडका राजरत्न १९२६ साली गेला. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. पुढे मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदना त्यांच्या सोबतीला आल्या. मधुमेह केवळ दुःखातून होतो, असे कोणी म्हणू नये. त्याला आनुवंशिकता, आहार, अतिश्रम अशी अनेक कारणे असतात. परंतु सततचा शोक, अपमान आणि अपुरी विश्रांती आजाराचा भार वाढवतात, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. अशा देहानिशी त्यांनी संविधानाचे काम तडीस नेले. ऑगस्ट १९५१ मध्ये प्रकृतीचे कारण देऊनच त्यांनी हिंदू कोड बिल लवकर चर्चेला घ्यावे, असे पंतप्रधानांना कळवले. ते बिल रखडल्यावर सप्टेंबरमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

आपण बाबासाहेबांच्या धैर्याचे पोवाडे गातो. त्यांनी आजार लपवला नाही, हे मात्र सांगत नाही. त्यांनी औषधोपचार घेतले. १५ एप्रिल १९४८ रोजी ज्यांच्याशी विवाह केला, त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आपले प्राण वाचवल्याचे श्रेय त्यांनी माईसाहेबांना आणि डॉ. मालवणकरांना कृतज्ञतेने दिले आहे. मदत मागणे हा दुबळेपणा असता, तर ते शब्द त्यांच्या लेखणीतून उतरलेच नसते.

मनाच्या दुखण्यावर आपल्या भागात दोन चुकीच्या वाटा आहेत. एक जुनी: भगत, अंगारा, उतारा. दुसरी नवी आणि शिकलेल्यांची: "सकारात्मक विचार करा, सगळे बरे होईल." पहिली वाट रोग्याला फसवते. दुसरी त्यालाच दोषी ठरवते. जणू उपाशी, अपमानित माणूस विचार चुकल्यामुळे आजारी पडला!

भगवान बुद्धांनी यापेक्षा नेमके सांगितले आहे. वृद्ध आणि व्याधिग्रस्त नकुलपित्याला त्यांनी उपदेश केला, की शरीर आजारी असले तरी चित्त आजारी पडू न देण्याचा अभ्यास कर. शरीराचे दुखणे त्यांनी नाकारले नाही. सल्ल सुत्तात दोन बाणांची उपमा येते: देहाला होणारी वेदना हा पहिला बाण, तिच्यापायी शोक करीत, तळमळत राहणे हा दुसरा. ही उपमा पुढे नेऊन मी एवढेच म्हणेन, की दुसरा बाण उपटणे ही ज्याची त्याची साधना आहे. पण पहिला बाण माणसाच्या हातून सुटत असेल, तर तो हात अडवणे हे समाजाचे कर्तव्य आहे. १९२७ च्या महाडपासून १९५६ च्या नागपूरपर्यंतचा प्रवास हा तो हात अडवण्याचाच प्रवास होता. याच भीमेच्या काठी, वरच्या अंगाला पेरणे येथील विजयस्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी मानवंदना दिली. वाकलेल्या पाठी ताठ करणारे ते एक औषधच होते.

आता आपल्या शाळेकडे वळू. उत्तर प्रदेशातील एका खेड्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुले बरोबरीने उतरली. सर्वांसमोर जात पुकारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडीही तशीच होती. बदलले होते ते एवढेच, की त्यांची जात आता सर्वांना ठाऊक होती.

म्हणून प्रत्येक निवासी शाळेने काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, असे माझे मत आहे. शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात जातीसह वाचू नयेत. मूल दुखते म्हणाले, की प्रथम ते दुखणे खरे मानावे आणि डॉक्टरांना दाखवावे. तपासणीत काही आढळले नाही, तर विषय तेथेच संपवू नये. दुखणे कोणत्या वारी येते, पालक भेटून गेल्यावर येते की सुट्टीवरून परतल्यावर, याची वही ठेवावी. मुलग्यांनाही रडू द्यावे. आनापानसतीची दहा मिनिटे रोज असावीत, पण शिक्षा म्हणून कधीही नसावीत. दुःख फार खोल वाटले, तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. तो सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, दुसऱ्याच्या बांधावर निंदणी-खुरपणी करणाऱ्या आईबापांनी पोटचे लेकरू आपल्या हवाली केलेले असते. त्याला आपण पुस्तक देतो, गणवेश देतो, दोन वेळचे जेवण देतो. त्याच्या पोटात दुखते, तेव्हा दोन मिनिटे शेजारी बसून "काय झालं बाळा?" असे विचारणारे माणूसही द्यावे. त्याला अनुदान लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!