नोंदी वेगळ्या, विहीर एकच

गावच्या पाण्याची माहिती सरकारदरबारी नाही, असं म्हणायची सोय आता उरली नाही. माहिती आहे, पण तीन दप्तरांत. पाऊस मोजतात महसूल मंडळावर. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक गावांतल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. पीक २०२१ पासून ई-पीक पाहणीत गट नंबरवर चढतं. माण-खटाव असो की जत-आटपाडी, हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नवं बोअर पाडायचं की ऊस कमी करायचा, हे ठरवणार कसं?

नोंदी जोडायच्या तर गावाच्या नावावर भिस्त ठेवून भागत नाही. एकाच नावाची गावं अनेक, आणि इंग्रजी स्पेलिंग दर कचेरीत निराळं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी क्रमांक आहे. तो सगळीकडे लावला, गट कोणत्या गावात आणि गाव कोणत्या मंडळात हे नोंदवलं, की संगणकाला एकच प्रश्न विचारता येतो: पाऊस बरा होऊनही मे महिन्यात विहीर कुठं खाली गेली, आणि तिथं कोणतं पीक वाढलं? अशा जोडलेल्या नोंदींना प्रश्न विचारायची ‘स्पार्कल’ ही भाषा २००८ सालीच प्रमाणित झाली. उत्तर नकाशावर दिसतं. गावावर बोट ठेवलं की विहिरीच्या पातळीची रेघ उघडते, साल बदललं की रंग बदलतो.

आपल्या भागाला संगणक नवा नाही. वारणा परिसरात, कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांसाठी १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प निघाला. तिथं शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद गावातच बघता येऊ लागली. नकाशालाही हीच कसोटी लावा: माझ्या कामाचं त्यात काय?

मात्र रंगाला भुलू नका. मंडळावरचा पावसाचा आकडा म्हणजे तुमच्या शिवारातला पाऊस नव्हे. पीक पाहणीत चुकीचं पीक चढलं, तर नकाशाही खोटंच बोलेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आणखी एक नवं ॲप नको. आधी या तीन नोंदी जोडा आणि पावसाळ्यानंतरची मोजणी झाली की, सुरू उसाच्या लागणीआधी, ते चित्र ग्रामसभेपुढं मांडा. सरपंचांनी तसा ठराव घ्यावा, तलाठी-ग्रामसेवकांनी पाठपुरावा करावा. तुम्ही बांधावर जाऊन खरं पीक नोंदवा. मग पाण्यावरून भांडण झालंच, तर निदान ते खऱ्या आकड्यांवर होईल.