टोचून घेतली, पण पटवून घेतली का?

लसीकरणाबद्दल आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला काय वाटते, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच आहे : काहीच वाटत नाही! विरोध करायचा तर वाचावे लागते आणि समर्थन करायचे तरी वाचावे लागते. आपण या दोन्ही कष्टांतून सुटका करून घेतली आहे. 'मागितले तर घेऊ, नाही तर राहू दे' ही आपली भूमिका. अडाण्याच्या भीतीपेक्षा सुशिक्षिताची ही बेफिकिरी मला अधिक घातक वाटते.

ही वृत्ती आली कोठून? ऑक्टोबर 2021 मध्ये राज्यातली महाविद्यालये उघडली, तेव्हा कोरोना लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाच वर्गात प्रवेश होता. 3 जानेवारी 2022 पासून पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांचे लसीकरण सुरू झाले. त्या रांगेत आपल्यापैकी अनेक जण होते. रांग योग्यच होती. पण लस शरीरात काय करते, तिचे दुष्परिणाम कोणते, हे ना आपण विचारले, ना कोणी आपणहून समजावले. विचारले गेले ते फक्त प्रमाणपत्र. त्यामुळे लस ही रेल्वेच्या पासासारखी झाली. तपासनीस उतरून गेला, की पासाची आठवण कोणाला?

दर वर्षी 3 जानेवारीला आपण सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी त्या प्लेगनेच गेल्या. त्याच वर्षी 10 जानेवारीला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. अवघे दोन महिन्यांचे अंतर! पुढे 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी ही लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले आणि हाफकिन यांच्यावरच ठपका आला. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. अनेक वर्षांच्या वादानंतर हाफकिन निर्दोष ठरले. तेव्हा लसीबद्दल शंका घेणे मुळीच गैर नाही. शंकेचा छडा न लावता ती कट्ट्यावर सोडून देणे मात्र विद्यार्थ्याला शोभत नाही.

आता एक अवघड विषय. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. तो बहुतांशी ज्या विषाणूमुळे होतो, त्यावर लस आहे. अशी एक लस आपल्या पुण्यातच तयार होते आणि 9 ते 26 या वयासाठी तिला 2022 मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे आपण सर्व जणी त्या वयात आहोत. मैत्रिणींत हा विषय काढला, की उत्तरे येतात : 'लग्नाआधी कशाला?', 'घरी काय सांगायचे?' वस्तुतः हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून ही लस त्याआधी घेतलेली अधिक उपयोगी. ती घेणे म्हणजे चारित्र्याचा दाखला देणे नव्हे. खासगी दवाखान्यात तिला पैसे पडतात, ही अडचण खरी आहे. पण पैशांचा विचार करण्याआधीच आपण लाजेने गप्प बसतो, त्याचे काय?

आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर देवीचा व्रण आहे, आपल्या नाही. 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाला, म्हणून तो नाही. रोग नजरेआड गेला, की लस अनावश्यक वाटू लागते, पण तो नजरेआड गेला तो लसीमुळेच!

माझी प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती आहे. वर्षातून एक तास यासाठी द्यावा. जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलवावे आणि निनावी प्रश्नांची पेटी ठेवावी. मित्रमैत्रिणींनो, त्या पेटीत चिठ्ठी टाकण्याचे काम मात्र आपले आहे. पदवीच्या कागदाची गत लसीच्या प्रमाणपत्रासारखी होऊ नये, असे वाटत असेल तर प्रश्न विचारायला शिकू या.