काकांनी बदललेलं इंजिन

परवा रात्री साडेनऊला, म्हणजे आमच्याकडे जेवणं आटपून झोपाळ्यावर बसायची वेळ, कॅनडातून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्याशी दोन वाक्यं बोलला न बोलला तोच म्हणाला, "मामा, काकाआजोबा जागे आहेत का? त्यांच्याशी काम आहे."

काम काय, तर त्याने तिकडे एक जुनी गाडी घेतली आहे. १९७० च्या आसपासची, सहा चाकांची, आणि जमिनीवर चालते तशी पाण्यातही चालणारी! तळ म्हणजे प्लास्टिकचं एक मोठं घमेलंच. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर टायर, हवा अगदी कमी भरलेली. स्टिअरिंग नाही, दोन दांडे आहेत. डावा ओढला की डाव्या बाजूची तिन्ही चाकं थांबतात आणि गाडी तिथल्या तिथे डावीकडे वळते. पाण्यात ढकलायला पंखाबिंखा नाही, ते टायरच वल्ह्यासारखं पाणी मागे टाकतात. कॅनडात अशा गाड्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून निघाल्या. तळी, दलदल आणि बर्फ यांचाच तो देश, त्यामुळे त्या खपल्याही. जुन्या बऱ्याच गाड्यांत टू-स्ट्रोक इंजिन असायचं. भाच्याचं ते इंजिन पार बसलंय, पिस्टनच्या रिंगा कुठे मिळत नाहीत. म्हणून नवीन फोर-स्ट्रोक टाकावं म्हणतो.

आमचे काका ८२ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांची आणि मिरकरवाड्याच्या होड्यांची इंजिनं उघडली आणि मिटली. त्यांनी अशी गाडी जन्मात पाहिली नव्हती. फोन हातात घेऊन पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग पहिला प्रश्न, "नवं जुन्यापेक्षा किती किलोने जड?"

भाचा गडबडला. तो हॉर्सपॉवर सांगायच्या तयारीत होता.

"अरे, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक जड येणार. जमिनीवर चालून जाईल. पाण्यात ती किती बुडते ते आधी बघ. मागून जड झाली तर मागची कड पाण्याच्या जवळ जाईल, आणि एक लाट आत आली की संपलं."

दुसरा प्रश्न, शाफ्ट कुठल्या बाजूला फिरतो? कारण इंजिन उलट्या अंगाने बसवलं तर पुढचा गियर टाकल्यावर गाडी मागे जायची. तिसरा, पट्ट्याच्या दोन पुल्या एका रेषेत येणार का, नाहीतर पट्टा महिन्याभरात खाल्ला जाईल. आणि चौथा, ज्याचा भाच्याने अजिबात विचार केला नव्हता: "सगळं बंद घमेल्यात. गरम हवा जाणार कुठून?"

हे सगळं काकांना होड्यांमुळे ठाऊक. रत्नागिरीत होडी केवढी हे लांबीवरून कमी आणि सिलिंडरवरून जास्त सांगतात. दोन सिलिंडरवाली, चारवाली, सहावाली. ट्रकच्या घराण्यातलं इंजिन मरीन गियर लावून होडीत उतरवणं इथे नवलाचं नाही. पण ट्रकच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो, होडीच्या पोटात वारा कुठला? मग समुद्राच्या पाण्यानेच थंड करायचं. पण खारं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरवलं तर ब्लॉक आतून सडतो. म्हणून आतलं गोडं पाणी वेगळं, बाहेरचं खारं वेगळं, आणि मध्ये कूलर. इंजिन उचलून दुसरीकडे ठेवलं की झालं, असं नसतं. त्याच्याबरोबर त्याचा श्वासही हलवावा लागतो. (हे वाक्य काकांचं, माझं नाही.)

इथवर मजेत चाललं होतं. पुण्याचा दादा सुट्टीला आलेला, तो झोपाळ्यावर बसून ऐकत होता. फोन बंद झाल्यावर म्हणाला, "त्या पोराला तरी सांगा, ओरिजिनल ठेव म्हणून. नाहीतर आपल्या जीपसारखं व्हायचं."

काका काही बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. मला ते लागलं, म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे आजोबांची १९६८ ची जीप आहे. मूळची पेट्रोलची. १९९१ मध्ये काकांनी तिचं पेट्रोल इंजिन काढून एका अपघाताच्या जीपमधलं प्युजो डिझेल बसवलं. कारण अगदी साधं होतं. बागेतून आंब्याच्या पेट्या भरून जांभ्याची चढण चढताना ती जीप पेट्रोल अक्षरशः प्यायची, आणि मोसमाच्या शेवटी हिशेबात आंब्यापेक्षा पेट्रोलच मोठं दिसायचं. जीप विकायची की इंजिन बदलायचं, एवढेच दोन रस्ते होते. काकांनी बदललं. पुढे वजन वाढलं म्हणून पुढचे पाटे बदलले, ब्रेक नवे केले, आरसी बुकात इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलून घेतलं. जीप आजही बागेत जाते.

आता दादाची तक्रार. १५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम काढला. ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात असलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं. नंबरात 'व्हीए' अक्षरं, फी २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षांची. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. दादाचं म्हणणं, काकांनी त्या वेळी हात घातला नसता तर आज आपली जीप व्हिंटेज झाली असती. त्याला आता जुनं पेट्रोल इंजिन शोधून पुन्हा बसवायचं आहे.

मी दादाला दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्याला त्या पटल्या नाहीत.

पहिली ही, की ज्या उंच बॉनेटमुळे आपण आपली जीप लांबून ओळखतो, ते बॉनेटच मुळात इंजिन बदलण्यातून आलेलं आहे. महायुद्धातल्या विलीज जीपचं बॉनेट बुटकं होतं. पुढे कंपनीने त्याच ब्लॉकवर इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, ताकद ६० हॉर्सपॉवरवरून ७० च्या पुढे गेली, पण इंजिन उंच झालं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलला बॉनेट वर उचललं. तेच मॉडेल महिंद्राने इथे वर्षानुवर्षं बनवलं. पुढे महिंद्राने स्वतःच पेट्रोलवर जन्मलेल्या जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल घातलं, मग प्युजोच्या परवान्याचं. कंपनीने कारखान्यात केलं तर मॉडेल, आणि काकांनी पडवीत केलं तर वाट लावली?

दुसरी गोष्ट पाण्यातल्या जीपची. बेन कार्लिन नावाचा ऑस्ट्रेलियन इंजिनियर युद्धकाळात हिंदुस्थानातल्या लष्करात होता. १९४६ मध्ये इथेच त्याने फोर्डची पाण्यात चालणारी जीप पाहिली आणि हिच्यातून जगाला फेरी मारायची असं डोक्यात घेतलं. १९५० ते १९५८ या काळात मारलीसुद्धा, अटलांटिक धरून! गाडीचं नाव 'हाफ-सेफ'. त्याने तिच्यावर केबिन चढवली, जादा टाक्या लावल्या, तिचं मूळ रूप ओळखूही येऊ नये इतकं बदललं. आज ती ऑस्ट्रेलियात पर्थच्या एका शाळेत जपून ठेवली आहे, आणि जपली आहे ती त्या सगळ्या बदलांसकट.

म्हणजे बदललेलं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही. चासी कापून, ब्रेक तेच ठेवून, नुसता आवाज यावा म्हणून भलतं मोठं इंजिन कोंबलेल्या जीपाही मी पाहिल्यात, आणि त्या मला बघवत नाहीत. कायद्यातही इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते उगाच नाही. व्हिंटेजच्या नियमालाही माझी हरकत नाही, प्रदर्शनातल्या गाड्यांना तो ठीकच आहे. पण त्याच नियमात आणखी एक अट आहे, जी दादाने नीट वाचली नव्हती. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे पेट्रोल इंजिन शोधा, लाखभर घाला, २० हजार भरा, आणि मग जीप ताडपत्रीखाली ठेवा. आणि पेट्या कशातून न्यायच्या, टेम्पो भाड्याने घेऊन?

त्या नियमाच्या कागदावर १९९१ ही वाईट खूण आहे. मला विचाराल तर आमच्या जीपच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली तारीख आहे. ती नसती तर जीप तेव्हाच भंगारात गेली असती, आणि आज ओरिजिनल म्हणायलासुद्धा काही उरलं नसतं.

दादा अजून नाराज आहे. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गोठ्याच्या पडवीत दिसले. कोपऱ्यात पोत्याखाली जीपचं जुनं पेट्रोल इंजिन आहे, हे आम्ही सगळे विसरलोच होतो. तेहतीस-चौतीस वर्षं खाऱ्या हवेत पडून कार्ब्युरेटर पांढरा पडलाय, पिस्टन जाम. दादाला बोलावून ते म्हणाले, "हे घे. मी फेकलेलं नाही. तुला हवं तर सोडव, पण गाडीतलं काढायचं नाही." दादा दोन तास तिथे उकिडवा बसून होता, डिझेल ओतून पाना फिरवत. एक बोल्ट सुटला.

भाच्याचं नवं इंजिन अजून पोचलेलं नाही. काकांनी मात्र त्याला कालच फोन करायला लावला, एक प्रश्न विचारायचा राहिला होता म्हणून. "जुनं कुठे ठेवणार आहेस रे?"