शेतावरचा मुक्काम
माझा भाचा आणि त्याची मैत्रीण जुलैत मोटारसायकलवरून कोकणात निघणार आहेत. हॉटेलचा खर्च नाही, वाटेतल्या शेतांवर राबायचं आणि तिथेच जेवायचं-झोपायचं. परवा त्यांनी आखणी दाखवली आणि मी त्यातली निम्मी गावं खोडून टाकली. बेत उत्तमच आहे. लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या स्यू कोपर्ड यांनी १९७१ मध्ये शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर कामाला जायची रीत सुरू केली, तीच पुढे ‘वूफ’ नावाने जगभर पसरली. आपल्याकडे बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत कितीतरी तरुणांनी घाम गाळला. पण एका रात्रीचा पाहुणा शेतकऱ्याला परवडत नाही. साधं जीवामृत हे द्रवरूप खत घ्या: २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोनेक दिवसांत ते आंबतं, मग पिकाला द्यायचं. पहिल्या ढवळणीनंतरच पुढच्या गावाला पळालेल्याला यातलं काय कळणार? रोज पेट्रोल जाळून नवं शेत गाठणाऱ्याने शाश्वत जगण्याच्या गप्पा मारूच नयेत. एका ठिकाणी निदान आठवडा काढावा, खाल्ल्या भाकरीला जागावं. दोघांनाही हे पटलंय. तेव्हा कोकणातल्या वाचकांनो, भातलावणीला हात कमी पडत असतील तर जरूर कळवा. पोरं धडधाकट आहेत, आणि भाचा भाकऱ्याही झकास थापतो.