समुद्र सोफ्याबरोबर मिळत नाही

घरात खाऱ्या पाण्याची टाकी हवी म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते: दहा वर्षांनी तिच्याकडे कोण बघणार? उत्तर मिळत नाही. फ्लॅटचा ताबा मिळालेला असतो, इंटिरियरवाल्यानं सोफ्यामागच्या भिंतीत पाच फुटांचा कोनाडा काढलेला असतो, वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते आणि त्या तारखेच्या आत समुद्र बसवून हवा असतो. दहा वर्षांचं काय? अहो, तोवर सोफासुद्धा बदललेला असेल! हेच तर दुखणं आहे. ज्याच्या हिशेबात मासा आणि सोफा एकाच बिलावर येतात, त्यानं मासे पाळू नयेत. त्यानं भिंतीवर समुद्राचं चित्र लावावं. चित्राला अमोनिया चढत नाही.

आता विकणाऱ्याकडे वळू. ‘सर, सकाळी पाणी भरू, संध्याकाळी मासे सोडू.’ हे वाक्य उच्चारणाऱ्या विक्रेत्याला एक तर नायट्रोजनचं चक्र ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो तुम्हाला गंडवतोय. तिसरी शक्यता नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि तोच अमोनिया साठला की माशाला मारतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. बाटलीतले जिवाणू ओतून थोडी घाई करता येते. पण नगरसेवकाची चिठ्ठी दाखवून त्यांना रांगेत पुढे घुसवता येत नाही. या आठवड्यांत टाकी रिकामी दिसते. आणि रिकामी टाकी पाहुण्यांना कशी दाखवायची?

मग तोडगा निघतो: ‘आधी दोन डॅमसेल टाकू. टिकले तर बाकीचे टाकू.’ म्हणजे विषाची परीक्षा जिवंत जिवावर! कुठल्यातरी रीफवरून पकडलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत विमानानं आणलेला मासा इथे टेस्ट किट म्हणून वापरायचा, कारण खरं टेस्ट किट विकत घेऊन चार थेंब मोजायचा गिऱ्हाइकाला कंटाळा. याला छंद म्हणणाऱ्यांची मला चीड येते आणि ती मी लपवत नाही.

मासे मेले की विक्रेत्याच्या मदतीला घरगुती तत्त्वचिंतन धावून येतं. ‘मासा मेला? चांगलंच झालं, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. आता लगेच नवा आणा.’ सुशिक्षित माणसं हे गंभीर चेहऱ्यानं सांगतात. आठ सोनेरी आणि एक काळा, अशी गोड्या पाण्यातल्या माशांची वास्तुशास्त्रीय वजाबाकी आता खाऱ्या पाण्यापर्यंत पोचली आहे. त्या माशाच्या अंगावर संकट आलं होतं, हे खरंच आहे. ते संकट म्हणजे घरमालक. मृत्यूलाच शुभशकुन ठरवलं की चौकशी करायची गरज उरत नाही आणि दुकानदाराचा गल्ला बारमाही वाहतो. यात दैवी काय आहे?

साधा हिशेब मांडा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो सागरी मीठ लागतं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, तर दर आठवड्याला ७०० ग्रॅम, वर्षाला ३६ किलोच्या वर. ‘खडेमीठ चालेल का?’ असं विचारणारे भेटतात. नाही चालणार. समुद्रात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, पोटॅशियम आहे, बायकार्बोनेट आहे; आमटीचं मीठ म्हणजे समुद्र नव्हे. मुंबईकरांचा युक्तिवाद आणखी बहारदार: ‘समुद्र समोरच तर आहे, बादली भरून आणू.’ ज्या पाण्यात पाय बुडवायला आपण कचरतो, त्यात नाजूक एंजलफिश ठेवायचा, या विचाराला काय म्हणावं?

आणि ज्याला बाष्पीभवन कळलं नाही, त्याला काहीच कळलं नाही. उघड्या टाकीतून रोज पाणी उडतं. क्षार मागेच राहतात. तेव्हा रोजची भरपाई गोड्या, आरओच्या शुद्ध पाण्यानं करायची असते. ‘खाऱ्या टाकीत खारंच पाणी’ असा तर्क लावणारा गृहस्थ दर दिवशी पाणी थोडं थोडं अधिक खारट करत नेतो आणि महिन्याभरात मासे का मलूल झाले म्हणून दिशादोष शोधत बसतो. सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली ही गोष्ट. तिच्यासाठी कन्सल्टंट लागतो?

या छंदाचं खरं रूप बघायचं असेल तर टाकीसमोर उभे राहू नका, खाली वाकून कपाट उघडा. तिथे सम्पमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, स्किमर चालू असतो. बारीक बुडबुड्यांचा स्तंभ वर चढतो, माशांची विष्ठा आणि सडणारं अन्न यांतले सेंद्रिय अंश त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि वरच्या कपात फेस होऊन साचतात. कप हातात घ्या. आत चहाच्या रंगाचा, बुडाशी दाट, नाक मुरडायला लावणारा द्रव असतो. हा कप दर दोन-चार दिवसांनी सिंकमध्ये ओतून, कडेला बसलेला चिकट थर बोटानं काढून, धुऊन परत लावावा लागतो. गणपतीत, परीक्षेत, पाहुणे असताना, तुम्हाला ताप असताना. छंदाचा नव्वद टक्के भाग हाच. वरचे निळे दिवे उरलेले दहा टक्के. पण जाहिरातीत कधी स्किमरचा कप पाहिलात? आणि आपल्याकडे ‘मेंटेनन्सचा पोरगा’ महिन्यातून दोनदा येतो, तेवढ्यावर मालक स्वतःला अ‍ॅक्वेरिस्ट म्हणवून घेतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

आणखी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मे महिना, दुपार, लाइट गेली. पंप थांबले, चिलर थांबला. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. तासाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन कल्ले मारू लागतात. या टाकीवर लाखभर रुपये खर्च झालेले असतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मात्र ‘कशाला उगाच’ म्हणून घेतलेला नसतो. टीव्हीला इन्व्हर्टर असतो. वायफायला इन्व्हर्टर असतो. ज्याला श्वास लागतो, त्याला नसतो.

२००३ साली ‘फाइंडिंग निमो’ आला. त्या चित्रपटात निमो नावाचा एक छोटा क्लाउनफिश दंतवैद्याच्या टाकीतून समुद्रात परतण्यासाठी जिवाचं रान करतो. तो पाहून पोरांनी काय मागितलं? टाकीतला निमो! पोरांचं एक वेळ सोडा, ती पोरं आहेत. बापांना काय झालं होतं? निमोबरोबर त्याच चित्रपटातली डोरीही आली. दुकानात दोन इंचांची मिळणारी ही निळी टँग मोठेपणी फूटभर होते आणि तिला पोहायला लांबच लांब मोकळी जागा लागते. ती तीन फुटी टाकीत विकणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. तीच गत मँडरिनची. रंग असे की नजर हटत नाही. पण हा मासा दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म कोपेपॉड टिपून जगतो. नव्या टाकीत ते नसतात. समोर तरंगणारं खाद्य तो बहुधा हुंगतही नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कौतुकाच्या वर्षावात, तो उपाशी मरतो.

यामागचा धंदाही बघून घ्या. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकात रीफच्या भेगांत सोडियम सायनाइडचं पाणी फवारून मासे गुंगवून पकडायची रीत पडली. पुढे ती इंडोनेशियात पसरली. मासा हाती लागतो, आसपासचं प्रवाळ मरतं. जगलेला मासाही पुष्कळदा आतून खलास असतो. दुकानात चकाकतो आणि घरी काही आठवड्यांत जातो. मग दुकानदार म्हणतो, ‘तुमच्या पाण्यात गडबड आहे.’ चोराच्या उलट्या बोंबा!

ही हाव नवी नाही. १८५४ साली फिलिप हेन्री गॉसचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांना काचेतल्या समुद्राचं वेड लागलं. हौशी लोकांनी ओहोटीच्या डबक्यांतला संसार खरवडून नेला. गॉसचाच मुलगा एडमंड यानं १९०७ साली ‘फादर अँड सन’मध्ये त्या लुटीबद्दल हळहळ नोंदवली. पण त्याच शतकात, त्याच बेटावर दुसरं उदाहरणही घडलं. सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. पाणी नियमानं बदललं, खाणं बेतानं दिलं. डॅलियेल १८५१ साली वारले. समुद्रफूल एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलं, त्याला ‘ग्रॅनी’ नाव पडलं आणि ते १८८७ पर्यंत जगलं. एकोणसाठ वर्षं! ना चिलर, ना स्किमर, ना मोबाइलवर चालणारे दिवे. फक्त शिस्त. आज लाखाच्या टाकीत समुद्रफूल सहा महिने टिकवू न शकणाऱ्यानं ‘टेक्नॉलॉजी अजून महाग आहे हो’ असं म्हणताना थोडी लाज बाळगावी.

आता माझ्याच पंथातल्या प्रतिष्ठितांकडे येते. स्वतःला ‘रीफर’ म्हणवणारी ही मंडळी दुकानदारापेक्षा वाईट, कारण यांना सगळं ठाऊक असतं. यांचा दावा असा की समुद्रातलं प्रवाळ मरतंय आणि आम्ही ते घरात वाचवतोय. प्रवाळ मरतंय, हे खरं. २०२४ साली जागतिक पातळीवरची चौथी प्रवाळ-विरंजनाची लाट जाहीर झाली. पण तुमच्या टाकीतला तुकडा समुद्रात परत जाणार आहे का? कधी? कुठल्या? रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालीच आली, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तरी ही मंडळी रात्री पोचलेल्या पार्सलातला तुकडा गोंदानं चिकटवतात आणि सकाळी संवर्धनावर व्याख्यान देतात. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एवढी कळकळ असेल तर तिथे जाऊन प्रवाळ तोडणाऱ्या पर्यटकाचा हात धरा. चोरीच्या मालाला संवर्धन म्हणू नका.

सरकारनंही या गोंधळात आपली भर घातली. २०१७ साली केंद्रानं मत्स्यालयांसाठी नियम काढले आणि १५८ सागरी जातींच्या विक्रीवर, प्रदर्शनावर बंदी घातली. यादीत क्लाउनफिशही होता. म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनं ज्या क्लाउनफिशची पैदास करून दाखवली, मच्छीमारांना ती शिकवली, तोच मासा दुसऱ्या मंत्रालयानं बेकायदा ठरवला! समुद्रातून ओरबाडलेला मासा आणि हॅचरीत जन्मलेला मासा यांतला फरक ज्या नियमाला कळत नाही, तो नियम कुणाला वाचवणार? आरडाओरड झाली, नियम मागे घेतले गेले. दुकानदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि माशांचे हाल पूर्ववत सुरू झाले. बंदी मूर्खपणाची होती. नंतरची मोकळीक त्याहून मूर्खपणाची आहे.

कारण मार्ग समोर आहे. क्लाउनची जोडी नीट सांभाळलेल्या टाकीत अंडी घालते. नारिंगी दाण्यांचा तो पट्टा नर आठवडाभर कल्ल्याशेजारच्या परांनी वारा घालत राखतो. बोट जवळ नेलं तर चावायला धावतो. सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांवरचा बंगाई कार्डिनल धंद्यापायी इतका कमी झाला, की २००७ साली त्याची धोक्यातल्या जातींत नोंद झाली. याच माशाचा बाप अंडी आणि पिल्लं तोंडात धरून जवळपास महिनाभर उपाशी राहतो आणि घरच्या टाकीतही राहतो! पिवळी टँग २०१५ साली हवाईत आणि निळी टँग २०१६ साली फ्लोरिडात माणसानं वाढवली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनची हॅचरी सुरू झाली. असं असताना रानातून पकडलेला क्लाउन विकत घेण्याचं एकही समर्थन शिल्लक नाही.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. मासा हॅचरीतला की समुद्रातला? पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होणार? आत्ता, माझ्यासमोर, काय खातोय ते दाखवा. विक्रेता हसेल, ‘मॅडम, एवढं कोण विचारतं?’ असं म्हणेल. तुम्ही विचारा. धड उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या हातानं बाहेर पडा. न विकला गेलेला मासा दुकानदाराच्या वहीत तोटा म्हणून लिहिला जातो आणि पुढच्या खेपेला त्या जातीची मागणी जात नाही. पाजळलेलं तत्त्वज्ञान, वटहुकूम, संवर्धनाची भाषणं, यांतलं काहीही या धंद्याला ऐकू येत नाही. तोटा ऐकू येतो.