खाचराच्या मापाचे यंत्र

लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी भीती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांना वाटत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर घडवला, पण पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

शेतकऱ्यांच्या या संशयाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याच्याकडे बैलांची एक जोडी आणि हातात एकच पावसाळा आहे, तो अनोळखी अवजारावर वर्षाचे धान्य पणाला लावत नाही. नांगर उपयोगी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची होती आणि लक्ष्मणरावांनी ती चिकाटीने पेलली. महाराष्ट्रातल्या शेती यंत्रांच्या कारखानदारीचा पाया या चिकाटीवर उभा राहिला. आजच्या कारखानदारांनी आणि कृषी खात्याने हा इतिहास पुन्हा वाचायला हवा.

लक्ष्मणरावांना खरे तर चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकताना काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बेळगावात सायकलींचे दुकान काढल्यावर तिथूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे नांगर निघाला. नगरपालिकेला वस्तीसाठी जागा हवी झाली, तेव्हा कारखान्याला बेळगाव सोडावे लागले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन आणि कर्ज दिले. निवडुंग आणि नागांनी भरलेल्या त्या ३२ एकरांवर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

नांगरामागून ऊस गाळण्याचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आली, पंप आले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड स्थापन झाली आणि १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही लोखंडी नांगरापासूनच सुरुवात केली होती. कडबा, ऊस, शेंगा, विहीर: आसपासच्या शेतकऱ्याला ज्या कामात कष्ट पडत होते, नेमके तेच काम हे कारखाने यंत्राकडे देत गेले.

वसईच्या बागायतीतही यंत्राने मोठा बदल घडवला. केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्यांना पाणी देणारे बैलांचे रहाट थांबले. त्यांच्या जागी इंजिने आणि विजेचे पंप आले. कष्ट हलके झाले, पण उपसा बेसुमार वाढला तेव्हा किनारपट्टीच्या अनेक विहिरींत खारे पाणी शिरले. म्हणून यंत्र किती जोरदार आहे एवढेच पाहून भागत नाही. ज्या जमिनीवर ते चालणार, तिला ते सोसते का, हेही पाहावे लागते.

वसई तालुक्यातच विरार पूर्वेचा फुलपाडा आज इमारतींनी भरला आहे. तिथून महामार्ग ओलांडून भाताणे, पारोळ, मेढे या गावांकडे गेले की भाताची खाचरे दिसतात: लहान, वेड्यावाकड्या बांधांची, एकाखाली एक. मोठ्या ट्रॅक्टरला इथे वळायला जागा नाही. आतल्या खाचरात पोचायचे तर दुसऱ्याचा बांध ओलांडावा लागतो. लावणीच्या यंत्राला चटईसारखी वाढवलेली रोपे लागतात. राब भाजून केलेल्या नेहमीच्या वाफ्यातली रोपे त्याला चालत नाहीत. त्यामुळे यंत्रयुगातही लावणी मुख्यतः बायकांच्या वाकलेल्या पाठीवरच होते. ऐन हंगामात मजूर मिळाले नाहीत, तर खाचर पडीक राहते आणि पडीक जमिनीवर बिल्डरची नजर आधी पडते.

२०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात शेतकऱ्याकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. एवढ्या तुकड्यावर स्वतःचा ट्रॅक्टर बाळगणे परवडत नाही. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण अभियानात भाड्याने यंत्रे देणाऱ्या अवजारे बँकांची सोय आहे आणि ती योग्य आहे. पण बँकेत ठेवायचे यंत्रच खाचराच्या मापाचे नसेल, तर अनुदान लोखंडावर खर्ची पडेल आणि शेतकरी होता तिथेच राहील.

मापाचे अवजार आपल्याकडे घडू शकते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा हे त्याचे उदाहरण. दातेरी पात्याच्या या हलक्या विळ्याने भात जमिनीलगत कापता येते. त्यामुळे धसकटात दडून राहणाऱ्या खोडकिड्यालाही आळा बसतो. साध्या विळ्यात एवढा विचार होऊ शकतो, तर लावणीच्या आणि कापणीच्या यंत्रात का नाही?

पालघर जिल्ह्यात कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि वसईच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग घडवणारे कुशल कारागीर आहेत. या दोघांना एकत्र आणून सरकारने लहान लावणी यंत्राची आणि कापणी यंत्राची चाचणी भाताणे-पारोळच्या खाचरांत भर पावसात घ्यावी. चाचणीत शेतकरी स्त्रियांचे मत नोंदवावे, दोष दिसले की यंत्र कारखान्यात परत न्यावे आणि सुधारून पुन्हा त्याच चिखलात उतरवावे. अनुदानाच्या यादीत त्याचे नाव त्यानंतरच घालावे.