मोजदाद कुणाची, कशाची?



परवा एका डॉक्टर मैत्रिणीकडे गेले होते. ती वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात शिकवते. टेबलावर कागदांचा ढीग होता. म्हणाली, "बढतीसाठी शोधनिबंध दाखवावे लागतात. काय लिहिलं ते कुणी विचारत नाही. किती लिहिले, एवढंच विचारतात."

जे एका डॉक्टरचं, तेच देशाचं. स्त्रीरोगशास्त्रात भारताचं संशोधन किती, हे ठरवायचं तर आंतरराष्ट्रीय सूच्यांमध्ये भारताचा पत्ता असलेले निबंध मोजतात. या सूच्यांमधली बहुतेक नियतकालिकं इंग्रजी असतात.

ही मोजदाद निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. २०१६ साली डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी अशीच मोजणी प्रसिद्ध केली. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांमधून एकही शोधनिबंध आलेला नव्हता. हे आकड्यांमुळेच उघडं पडलं. पण आकडा जिथे थांबतो, तिथून आपले प्रश्न सुरू होतात.

आपल्याच महाराष्ट्रातले दोन निबंध घ्या. पहिला १९८९ सालचा, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 'लॅन्सेट'मध्ये आलेला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. अंगावर जाणं, कंबर दुखणं हे 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून बायका अंगावर काढत होत्या. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं धरून चाललेल्या धोरणाला या अभ्यासानं जाब विचारला. मोजदादीत त्याची नोंद काय? निबंध एक.

दुसरा २००९ सालचा. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला. गट चार. तीन गटांना वेगवेगळ्या चाचण्या देऊ केल्या. चौथ्या गटाला नेहमीची सेवा आणि माहिती, एवढंच. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगानं ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. एकदा केलेली चाचणीही जीव वाचवते, हे सिद्ध झालं. ज्ञान मोलाचं, यात शंका नाही. पण चाचणीविना ठेवलेल्या त्या बायकांना आपण काय देणं लागतो, हा वाद तेव्हापासून चालू आहे. आणि गंमत पाहा, पहिल्या लेखकाचा पत्ता फ्रान्समधला. त्या पत्त्यावरून मोजलं, तर धाराशिवच्या बायकांचा हा निबंध फ्रान्सच्या खात्यात!

पुढे काय झालं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, ही तपासणी कधी झाली आहे का? 'हो' म्हणणाऱ्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. निबंध छापून दहा वर्षं उलटल्यावरची ही गोष्ट. संशोधनाच्या वहीत एकाची भर पडली, बाईच्या पदरात काही पडलं नाही.

म्हणून मला वाटतं, निबंध जरूर मोजा, पण शेजारी आणखी रकाने आखा. प्रश्न कुणाचा होता, बाईचा की पैसे देणाऱ्याचा? तिची संमती समजावून घेतली का? आजार सापडला तेव्हा उपचार मिळाले का? निष्कर्ष तिच्या भाषेत तिच्यापर्यंत परत आले का? आणि ते सरकारी दवाखान्यात कधी पोचले?

हे रकाने कुठलीही सूची भरणार नाही. ते आपल्यालाच भरावे लागतील. तुमच्या गावात, वस्तीत कुणी रक्त घेऊन, फॉर्म भरून गेलं असेल, तर पुढे काय झालं ते बायकांना विचारा आणि आम्हाला कळवा. आपली मोजदाद तिथून सुरू करू.